ऐंशी कप चहा आणि पाळकाची निवड

अंबरनाथच्या मराठी चर्चमध्ये नवा पाळक निवडायची रीत ठरलेली होती. उमेदवारानं रविवारी उपदेश द्यायचा आणि त्याच्या बायकोनं अख्ख्या मंडळीला चहा पाजायचा. उपदेश लोक सोमवारी विसरत. चहा विसरत नसत. ग्रीक भाषा कोळून प्यालेला एक उमेदवार बायकोच्या पाणचट चहापायी नाकारला गेला आणि वांगणीच्या पुढच्या कुठल्याशा खेड्यात जो गेला, तो गेलाच.

विनीत आढावला बायको नव्हती, प्रमोद होता. सहा वर्षांपासून. तसं त्यानं अर्जातच लिहिलं होतं. आधीच्या दोन चर्चनी त्याच्यासाठी मनोभावे प्रार्थना करून त्याला वाटेला लावलं होतं. इथंही नकार आला तर पाळकपणाचा नाद सोडायचा आणि उल्हासनगरात मेहुण्याच्या फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचे, असं त्यानं ठरवलं होतं.

कमिटीच्या अध्यक्ष कौसाबाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि निरोप धाडला, की रीत ती रीत, प्रमोदला चहा करावा लागेल.

प्रमोद जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. एका पँटचं माप जमलं की त्याच मापानं ऐंशी कापायच्या, हा त्याचा बाणा. घरी तो एका कपाला एक लवंग टाकायचा. चर्चच्या ऐंशी कपांच्या पातेल्यात त्यानं मोजून ऐंशी टाकल्या.

रविवारी विनीतचा तासाभराचा उपदेश संपला आणि चहा आला. पहिल्या घोटाला लोक म्हणाले, वा. तिसऱ्या घोटानंतर कुणालाच काही म्हणता येईना. जिभा बधिर झाल्या होत्या.

नेमके तेव्हाच सेक्रेटरी सदूभाऊ उजगरे विरोधाची चार पानं घेऊन उभे राहिले. तोंड उघडलं, पण त्यातून नुसती वाफ आली. कौसाबाईंनी हातानंच खुणावलं, बसा, जीभ आल्यावर ऐकू.

अर्धा तास मंडळी गप्प. एवढी शांतता तिथं गुड फ्रायडेलाही झाली नव्हती. बघायला दुसरं काही नसल्यानं सगळे मागच्या मोरीकडे बघत राहिले. तिथं प्रमोद मान खाली घालून कप घासत होता, विनीत पुसत होता. मध्येच विनीतनं प्रमोदच्या कपाळावरचा फेस आपल्या ठेवणीतल्या झग्याच्या बाहीनं टिपला आणि पुन्हा कप घेतला.

जीभ आल्यावर सदूभाऊंनी चारही पानं वाचली. मग कौसाबाई म्हणाल्या, "सदूभाऊ, पाळक एकटा नको, संसारी हवा, असं दर वेळी तुम्हीच म्हणता. हा संसार घेऊन आलाय की."

"पण बाई, तो चहा..."

"चहा भिकारच आहे. कप बघा कसे लख्ख घासलेत."

हात वर झाले. एकसष्ट. सदूभाऊंचा नव्हता. विनीत फडकं हातात धरून एकच कप पुसत राहिला.

निघताना सदूभाऊ मोरीपाशी थांबले.

"माझा विरोध कायम आहे. लेखी दिलाय." मग प्रमोदकडे वळून म्हणाले, "ऐंशी कपांना लवंगा आठ. पुढच्या रविवारी मी शेजारी उभा राहतो. आणि पाळकसाहेब, उपदेश जरा आखूड करा."