पहिल्या थेंबाआधी

शिट्टी नारिंगी होती, प्लॅस्टिकची, आणि जिना चढताना तिच्या पोटातला इवलासा गोळा एकेका पायरीला खुळखुळत होता – छातीवर आपटणारी, अंगठ्याएवढी वस्तू, पण सबंध उन्हाळ्यात बाईंकडे आवाज म्हणून काय तो एवढाच. "छतावर पाय घसरला तर तुम्हाला ओरडता यायचं नाही, बाई," असं म्हणून प्रमुखांनी पहिल्याच दिवशी ती तिच्या गळ्यात अडकवली होती. प्रमुख म्हणजे हिरव्या छतांचा अभ्यास करणाऱ्या त्या गटाच्या प्रमुख. वयाने तिच्याहून पुष्कळ लहान, कानामागे कायम पेन्सिल. घरी सासूबाईंनी शिट्टी बघितली आणि कपाळाला हात लावला – "घ्या! इतकी वर्षं पोरांवर ओरडून भागलं नाही, आता घरात पंच आला!"

तिला हसू आलं होतं, पण हसणंसुद्धा बिनआवाजाचं. स्वरतंतूंवर गाठी आहेत, असं घशाचे डॉक्टर म्हणाले होते. बोलायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही, सुट्टीभर मौन, मग बघू. ते 'मग बघू' आता उद्यावर आलं होतं. उद्या ते घशात आरसा घालून बघणार आणि म्हणणार, बोला. आणि मी तोंड उघडेन आणि... काय निघेल आतून? ज्या आवाजाने शेवटच्या बाकावरच्या डुलकीला जागं केलं, मधल्या सुट्टीतलं अख्खं मैदान एका हाकेत गोळा केलं, तो? की बिजागरीला तेल नसलेलं दार? आणि त्याच्याही आधी, आज, मुख्याध्यापिकांना उत्तर हवं होतं. नव्या वर्षाचं वेळापत्रक लागायचं होतं. बाईंनी विज्ञानाचे वर्ग घ्यायचे की ग्रंथालयात बसायचं – तिथे बोलावं लागत नाही, उलट बोलणाऱ्यांना गप्प करायचं असतं, आणि त्यासाठी ओठांवर बोट पुरतं.

ग्रंथालय. शब्द चांगला होता, थंड होता. तिने तो रात्रंदिवस तोंडात घोळवून पाहिला होता आणि प्रत्येक वेळी तो औषधाच्या गोळीसारखा जिभेखाली तसाच राहिला होता.

शिक्षकांना सुट्टीत खऱ्या संशोधनाचा अनुभव मिळावा म्हणून हा कार्यक्रम होता, आणि त्यासाठी तिने नाव दिलं तेव्हा आवाज शाबूत होता. नंतर ती नाव मागे घ्यायला निघाली, तर लेक म्हणाली, "आई, झाडांशी काय गप्पा मारायच्यात तुला? जा की." म्हणून ती आली. आणि देवाची करणी अशी, की इथे खरंच बोलायचं काम नव्हतं. छतावर उतरत्या चौकटींवर ट्रे मांडलेले होते. काहींत नुसता सिमेंटचा तुकडा, साध्या छतासारखा, काहींत नुसती माती, आणि काहींत मातीवर दाटीने पसरलेली, जाड पानांची, जमिनीला बिलगलेली झाडं. वरून नळ्यांतून पाऊस पाडायचा आणि ट्रेच्या खालच्या नळीच्या तोंडातून पाणी कधी आणि किती बाहेर येतं ते मोजायचं. पाणी पडल्या क्षणी सिमेंट सगळं ओकून टाकायचं – जसं शिकवलं तसं परीक्षेत उतरवून मोकळं होणाऱ्या पोरासारखं. आणि झाडांचा ट्रे... तो गप्प बसायचा. पाणी पडत राहायचं, पानं भिजून चमकायची, आणि खाली मोजपात्र कोरडंच. किती वेळ कोरडं, हाच तर अभ्यास होता. शहरातल्या गटारांवर एकदम लोट येऊ नये म्हणून छतांनी किती धरून ठेवायचं आणि किती हळू सोडायचं, ते त्या पहिल्या थेंबाला विचारायचं.

"आज तुमचा शेवटचा मौनदिवस, बाई," गणिताचे सर म्हणाले. ते दुसऱ्या शाळेचे, निवृत्तीला टेकलेले, आणि बोलण्यात असे, की त्यांचं तोंड मिटलेलं तिने फक्त पाणी पिताना पाहिलं होतं. "वाईट वाटतंय मला. लग्न झाल्यापासून असा श्रोता मिळाला नव्हता."

तिने हात जोडून मान लववली. ते खदखदून हसले आणि पाऊस सुरू केला.

झाडांचा ट्रे. ती खाली वाकून तोंडाशी बसली. पाणी वर सळसळत होतं, उन्हात त्याचा एक पुसट रंगीत पट्टा उमटत होता, आणि नळीचं तोंड कोरडं. तिच्या मनात कुणीतरी टेबलावर खडू आपटायला लागलं. चल. येतंय ना? तुला येतंय, मला माहितेय. चल की रे बाळा... थेंब आतल्या काठावर जमल्यासारखा दिसला, फुगला, अडला, आणि तिच्या हाताने, तिला न विचारता, ट्रेची वरची कड बोटभर उचलली.

टप्.

"बाई!" प्रमुखांनी पेन्सिल कानामागून काढली. "हे काय केलंत?"

काय केलं? तिने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो वर्गातल्या दुसऱ्याच कुणाचा असावा.

"कॉपी पुरवली!" गणिताचे सर आनंदाने ओरडले. "बाईंनी ट्रेला कॉपी पुरवली! प्रमुख, पेपर रद्द करा!"

प्रमुखांना रागवायचं होतं, पण त्याही हसल्या. "बाई, त्याला आपण काही शिकवत नाही आहोत. तो आपल्याला सांगणार आहे. जरा थांबायचं. हा आता वाया गेला... पुढच्या ट्रेला जेवणानंतर बसू."

तिचे कान तापले. भिंतीच्या सावलीत ती डबा उघडून बसली. पहिलं अक्षर सुचवायचं – ही खोड तिची जुनी. मुलगा अडला की ओठांनी 'प्र...' करायचं, आणि तो 'प्रकाशसंश्लेषण' म्हणाला की शाबासकी द्यायची. वर्ग खूश, तपासायला येणारे साहेब खूश. प्रश्न विचारून झाल्यावर वर्गात जी एक शांतता पडते, तिला ती घाबरायची – ती शांतता म्हणजे आपलंच नापास होणं – म्हणून दोन श्वास व्हायच्या आत ती स्वतःच्या आवाजाने ती बुजवून टाकायची. इतकी वर्षं. इतकं बोलणं. गाठी काय उगाच येतात?

आणि कुठूनसे वडील आठवणीत आले. वडील देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे. सभा भरलेली असायची, ती पुढे मांडी घालून बसलेली, पाच-सहा वर्षांची. वडील ओळ धरायचे, वर न्यायचे, आणि ऐन टोकाला – गप्प. हात नुसता हवेत. तिचा जीव कासावीस व्हायचा, बाबा विसरले! सगळ्यांच्या देखत विसरले! आणि एकदा ती उभी राहून किंचाळली होती पुढचा शब्द. सभा हसली. वडील हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग घरी, तिला मांडीवर घेऊन... "विसरलो नव्हतो गं वेडाबाई. ती ओळ त्यांच्यासाठी ठेवली होती." तिला तेव्हा ते खोटं वाटलं होतं. सारवासारव. मोठी माणसं करतात तशी.

"बाई," गणिताचे सर शेजारी येऊन टेकले. त्यांनी एक विनोद सांगितला, मग त्याचाच भाऊ शोभेल असा दुसरा. ती हसली, पण आवाज न करता हसणाऱ्या माणसाबरोबर फार वेळ विनोद चालत नाहीत. मध्ये पोकळी पडली. तिला वाटलं, मान हलवावी, डबा पुढे करावा, काहीतरी... ती तशीच बसून राहिली. आणि मग ते, पायातल्या बुटाकडे बघत, वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझ्या वर्गातल्या मागच्या रांगेची नावं मला येत नाहीत हो. वर्ष संपलं तरी. हजेरी घेतो ती कागदाकडे बघून. कुणाला कळत नाही."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते लगेच, "चला, चला, ऊन उतरेल," म्हणत उठले.

असंच. सगळ्या उन्हाळ्यात असंच होत होतं, आणि तिने ते मौनाची भरपाई म्हणून घेतलं होतं – बिचारी बोलू शकत नाही म्हणून लोक दोन शब्द जास्त देतात, असं. लेकसुद्धा. त्या दिवशी शेंगा सोलताना ती समोर बसली, एक वाक्य बोलली, थांबली; रोज जिथे मी घुसते तिथे थांबली – आणि मी नव्हतेच तिथे. म्हणून मग दुसरं वाक्य आलं. "आई, मी पोहायला जातच नाही. काठावर बसते आणि केस ओले करून घरी येते. मला भीती वाटते पाण्याची." महिनाभर मी तिला दारात विचारत होते, मजा आली ना? आणि ती म्हणत होती, आली. ट्रेची कड उचललेलीच होती मी. थेंब पडत होता, आणि तो तिचा नव्हता...

फोन वाजला तेव्हा दुसरा ट्रे सुरू होऊन बराच वेळ झाला होता. मुख्याध्यापिका. तिने फोन कानाला लावला आणि डोळे नळीच्या तोंडावर ठेवले.

"बोलू नकोस, नुसती ऐक," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मी विचारते, तू फोनवर टिचकी मार. हो असेल तर एक, नाही तर दोन. ऐकतेयस ना?"

टिक्.

"हे ऐकतेयसचं 'हो' की ग्रंथालयाचं?"

एक टिचकी मारावी की दोन, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिने काहीच केलं नाही.

"मी काय म्हणते... तुझ्या भल्याचंच आहे. विश्रांती मिळेल. वर्गाचा ताण नाही, खडूची धूळ नाही. हो ना गं?"

प्रश्नातच ठेवलेलं उत्तर. नुसतं उचलायचं. बोट फोनच्या पाठीवर आलं, एक टिचकी एवढ्या अंतरावर, आणि तिथेच राहिलं. वर पाणी सळसळत होतं. खाली कोरडं. प्रमुख तिच्या हातांकडे लक्ष ठेवून होत्या. पलीकडून श्वास ऐकू आला, खुर्ची कुरकुरली, कुणीतरी दार लोटलं.

"खरं सांगू?" आवाज खाली आला होता. "तुझ्या भल्याचं नाही, माझ्या सोयीचं आहे. वर्षाच्या मध्येच तुझा आवाज पुन्हा गेला तर मी कुणाला उभं करू तिथे? मला झोप नाही त्यापायी. आणि तू नसलीस तर... सातवीची पोरं आत्तापासून विचारायला लागलीत, बाई येणार का म्हणून. काय सांगू त्यांना? मला माहीत नाही बघ."

"आला! बाई, आला!" सर कुजबुजले. त्यांचं कुजबुजणंही जिन्यापर्यंत पोहोचणारं. मोजपात्राच्या तळाशी पाण्याचा एक गोल ठिपका थरथरत होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. प्रमुखांनी नोंद केली.

"बरं, राहू दे टिचक्या," मुख्याध्यापिका म्हणत होत्या. "उद्या डॉक्टरांकडून आलीस की मला फोन कर आणि तोंडाने सांग. जो काय आवाज असेल त्याने सांग. तोपर्यंत वेळापत्रक धरून ठेवते मी."

फोन बंद झाला. संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून, हळूच एकदा आवाज काढून बघायचा, असं तिने सकाळी ठरवलं होतं – चोरून, डॉक्टरांच्या आधी, म्हणजे उद्या धक्का बसणार नाही. आता त्याची निकड कुठे गेली कळेना. भीती होती अजून. तिचं ओझं तसंच होतं, पण खांद्यावरून काखेत आल्यासारखं. आवाज येईल तो कदाचित घोगरा असेल. कदाचित अर्धाच असेल. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणार नाही; मग मीच चालत जाईन शेवटच्या बाकापर्यंत, नाही तर तेच सरकतील पुढे. आणि नाहीच आला, तर... त्या 'तर'पुढे आजवर काळोख होता. आजही तिथे काही दिसलं असं नाही. नुसतं तिथे उभं राहता आलं.

कठड्याला टेकून तिने डोळे मिटले, आणि समोर वर्ग आला, सातवीचा, नव्या दप्तरांच्या वासाचा. ती एक साधा प्रश्न विचारते, जेमतेम ऐकू येईलसा. पोरं एकमेकांकडे बघतात. कुणी पेन चावतं, कुणी छताकडे पाहतं. ती शांतता पडते – तीच – आणि पसरते, बाकांच्या खालून, भिंतीपर्यंत. एक श्वास होतो. दुसरा. पुढच्या रांगेतला हुशार हात वर येतो, ती त्याला नजरेनेच जरा थांब म्हणते. तिसरा श्वास... मागे कुठेतरी कुणीतरी, ज्याने आजवर वर्गात तोंड उघडलेलं नाही असं कुणीतरी, बाकावर सावरून बसतं. ती ओठ मिटून उभी असते, आणि तिला कसलीच घाई नसते.