शिळा सण

रिबकाबाईंनी चिमट्याने एक निखारा उचलला, लंगडीच्या, म्हणजे पसरट पितळी पातेल्याच्या, झाकणावर मधोमध ठेवला आणि लगेच कडेला सरकवला. मध्ये ठेवला की भानोळं वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तरी दरवर्षी पहिला निखारा मध्येच जायचा आणि मागून बिन्यामीन म्हणायचे, "कडेला गं, कडेला." या वर्षी कुणी म्हणालं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतःशीच म्हणून घेतलं.

समोर आक्काताई विळीभोवती सांडलेला कोबी गोळा करत होत्या. मुलगा मिलिंद पॉवरहाउसला लागला म्हणून त्या जूनमध्ये वडूजकडून कोयनानगरला आल्या, आणि रिबकाबाईंच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत राहू लागल्या. कोरड्या रानात हयात गेलेल्या या बाईला इथला पाऊस बघून पहिले पंधरा दिवस रडूच फुटायचं. रिबकाबाईंनी त्यांना शेगडीवर दोरी बांधून कपडे वाळवायला शिकवलं. आक्काताईंनी त्या बदल्यात रिबकाबाईंना एकटीने चहा पिऊ दिला नाही. चार महिन्यांत दोघींचं चांगलं मेतकूट जमलं होतं.

"ह्यात खोबरं न्हाई घालत व्हय?" आक्काताईंनी विचारलं.

"एरवी घालते. या सणाला नाही. दोन रात्री काढायच्या असतात त्याला, खोबऱ्याने आंबेल."

"दोन रात्री?"

रिबकाबाई सांगू लागल्या. उद्या दारफाळणी, म्हणजे त्यांच्या बेने इस्रायल लोकांचा सगळ्यात मोठा उपवास. आज सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं, मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. पांढरं नेसायचं, दार लावून घ्यायचं, चूल पेटवायची नाही, बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही. घरातली गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात, असं त्यांच्या सासूबाई सांगायच्या. येतात, दिवसभर आपल्यात बसतात आणि परवा सकाळी निघतात.

"जाताना उपाशी जाऊ नयेत म्हणून हे भानोळं," त्या म्हणाल्या. "कोबी, भोपळा, कांद्याची पात, चण्याचं पीठ आणि अंडी. आमच्या घरात रीत अशी, की पहिलं ताट भिंतीला भिंत असलेल्या घरात द्यायचं. शेजाऱ्याने खाल्लं की त्या माणसाला पोचतं. मग आपण खायचं."

"म्हंजी आवंदा मालकांसाटनं."

रिबकाबाईंनी मान हलवली. बिन्यामीन पॉवरहाउसच्या वर्कशॉपात लेथवर होते. चैत्रात एका दुपारी झुलत्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेले. पूर्वी इथे त्यांच्या लोकांची चार घरं होती. कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्रायलला. आता बिन्यामीनना पोचवायला या एकट्याच उरल्या होत्या, आणि आपल्या हातून त्यांचं काही चुकू नये, एवढीच काळजी त्यांना गेले आठ दिवस लागली होती.

"तुम्ही घ्याल ना?" त्यांनी विचारलं. "परवा सकाळी, शिळ्या सणाचं ताट."

कोबी गोळा करणारा हात थांबला.

"कसलं ताट?"

"शिळ्या सणाचं. परवाच्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो."

आक्काताईंनी हातातला कोबी वाटीत टाकला. विळी पुसली, मिटली आणि भिंतीला लावून ठेवली. मग त्या उभ्या राहिल्या.

"बाई, राग धरू नगा. माजी आय गावात दारोदार शिळं मागत फिरायची. कामाचाच मोबदला हुता त्यो, पर टोपलीत पडायचं शिळंच. छप्पन साली आमी बौद्ध झालो, तवा बानं ती टोपली चुलीत घातली. मी बारा वर्साची हुती. त्या दिसापास्नं कुणाच्या दारचं शिळं आमच्या घरात आलं न्हाई."

"अहो आक्काताई, ते नुसतं नाव आहे."

"व्हय," आक्काताई म्हणाल्या. "आमचं बी नुसतं नावच हुतं."

जाताना त्यांनी दार हलक्या हाताने ओढून घेतलं. आपटलं असतं तर रिबकाबाईंना बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. आधी त्यांना रागच आला. एका शब्दावरून एवढं? पोस्टमन सिद्धू तर एका पायावर तयार झाला असता. पण सिद्धूचं घर बाजारात, आणि रीत भिंतीची. दुसऱ्या बाजूला भिंतच नव्हती, ओढा होता. निखारे विझत आले तेव्हा राग गेला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं. लंगडी पाणी घातलेल्या परातीत ठेवताना त्यांना आठवलं, की पीठ कालवताना गप्पांच्या नादात मीठ घातलं की नाही, याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं खाली उतरलं, की खिडकीतून ओढाही दिसेना. रिबकाबाई पांढरं लुगडं नेसून, दाराला आतून कडी घालून पलंगावर बसल्या. सकाळभर त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक वाचलं. दुपारी अक्षरं एकमेकांवर चढू लागली तेव्हा ते मांडीवर ठेवलं. पोटातली भूक केव्हाच दमली होती आणि डोकं कापसासारखं हलकं झालं होतं.

आरामखुर्चीत बिन्यामीन बसलेले होते. नवल वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, आजचा दिवसच त्यांचा. वर्कशॉपातला निळा शर्ट, नखांत तेल. मांडीवर जेवणाचा डबा होता आणि ते त्याचं झाकण फिरवून बघत होते, पण ते उघडत नव्हतं.

"आटे झिजलेत," ते म्हणाले.

"उद्या मिळेल," रिबकाबाई म्हणाल्या. मग खरं ते सांगून टाकलं. "मिळेल की नाही, माहीत नाही. शेजारीण रागावली आहे."

"काय केलंस?"

"शिळं म्हटलं."

बिन्यामीन हसले. त्यांच्या हसण्याबरोबर फडताळातली भांडी किणकिणू लागली, मग पलंग हलला, मग परातीतलं पाणी लंगडीभोवती डुचमळलं. रिबकाबाईंचे डोळे उघडले. खुर्ची रिकामी होती आणि हळूहळू डोलत होती. भूकंपाचा धक्का होता. कोयनेत राहणारा माणूस एवढ्याशा धक्क्याला उठत नाही, हातातला कप तेवढा सावरतो. पण आक्काताईंना इथे येऊन चारच महिने झाले होते. भिंतीपलीकडे काहीतरी पडलं, पावलं धावली आणि दारावर थाप बसली.

"बाई! हाय न्हवं तुमी? भाईर या!"

रिबकाबाई दाराशी गेल्या. हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. आज उघडायचं नाही. आज बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी हे एकदाही मोडलं नव्हतं.

"बाई?" आवाज बारीक झाला. "का आमच्या संगट बोलायचंच न्हाई?"

बंद दारापलीकडे उभी असलेली ती बाई रिबकाबाईंना एकदम दिसली. आक्काताई नव्हे, त्यांची आई. डोक्यावर टोपली घेऊन, दार उघडायची वाट बघत थांबलेली. रिबकाबाईंच्या घशात पाण्याचा थेंब नव्हता. तरी त्यांनी दाराला तोंड लावून सांगितलं,

"आहे मी, आक्काताई. बरी आहे. इथे असं हलतं अधूनमधून. भिऊ नका."



"बरं," आक्काताई म्हणाल्या, आणि चपला फरफटत गेल्या.

रिबकाबाई पलंगावर येऊन पडल्या. डोळे मिटता मिटता त्यांनी खुर्चीकडे तोंड करून म्हटलं, "बोलले मी."  खुर्ची अजून थोडी हलत होती.

संध्याकाळी त्यांनी मनुकांच्या सरबताने उपवास सोडला. भानोळ्याला हात लावला नाही. सकाळी उजाडताच लंगडी पदराने धरून त्या शेजारच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडंच होतं. मिलिंद पहिल्या पाळीला गेला होता आणि आक्काताई स्टोव्हला पंप मारत होत्या.

"आक्काताई, रात्रीची भाकरी आहे का तुमच्याकडे? मागायला आले आहे."

आक्काताईंचा हात पंपावरच थांबला. त्यांनी रिबकाबाईंकडे बघितलं, लंगडीकडे बघितलं, पुन्हा रिबकाबाईंकडे.

"शिळी?"

"हो."

"ह्या घरात रात्रीची भाकरी नसती, बाई. लागंल तेवढीच थापते मी."

"मग होईपर्यंत थांबते," रिबकाबाई म्हणाल्या, आणि उंबऱ्यावरच टेकू लागल्या.

"तिथं बसू नगा." आक्काताई जरा जोरात बोलल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माजी आय बसायची तिथं. आत या."

रिबकाबाई आत पाटावर बसल्या. आक्काताईंनी पिठाचा डबा ओढला. त्या भाकरी थापू लागल्या. पहिली भाकरी फुगली तेव्हा रिबकाबाईंनी लंगडी पुढे सरकवली.

"हे द्यायला आणलेलं नाही. एकटीच्या घशाखाली उतरेना, म्हणून घेऊन आले."

आक्काताईंनी झाकण काढलं, वास घेतला. मग सुरी घेऊन भानोळ्याच्या वड्या पाडल्या, तव्यावर तेल सोडलं आणि एकेक वडी त्यात ठेवली. कडा लाल होईपर्यंत परतल्या. कांद्याच्या पातीचा वास खोलीभर झाला. दोन रात्रींचं ते भानोळं आता नुकतं केल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी ताटल्या मांडल्या. एक रिबकाबाईंपुढे, एक स्वतःपुढे, आणि तिसरी दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला लावून. तिच्यात अर्धी भाकरी आणि दोन वड्या.

"मालकास्नी गरम चालंल न्हवं?"

दर शिळ्या सणाला पहिला घास घेऊन बिन्यामीन कुरकुरायचे, की गरम करायला काय होतं गं तुला. दरवर्षी त्या म्हणायच्या, रीत आहे.

"त्यांना गरमच हवं असायचं," रिबकाबाई म्हणाल्या. "मीच कधी दिलं नाही."

त्यांनी आपल्या ताटलीला हात लावला नाही. आक्काताईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वडीचा कोपरा त्यात धरला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला, गिळला.

"मीठ न्हाई ह्यात, बाई."

मिठाचा डबा त्यांच्या मागेच होता. त्यांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि आधी भिंतीजवळच्या ताटलीत घातलं.