देवळाच्या उंचीची वस्ती

आप्पासाहेबांनी खिशातून मेमरी कार्ड काढलं, नीलिमाच्या टेबलावर सरकवलं आणि खुर्चीत अंग टाकलं.

"बाई, आज एकाच कार्डात दोन पॉइंट हायेत," ते म्हणाले.

सत्त्याण्णव साल होतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका सर्व्हे कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. उंब्रजच्या वरच्या अंगाला, खडकदरा गावाजवळ धरण व्हायचं होतं, आणि तळं भरल्यावर पाणी कुठवर चढेल याची रेघ आखायचं काम या कंपनीकडे आलं होतं. त्यासाठी मालकांनी परदेशी यंत्र आणलं होतं. ते तिपाईवर ठेवायचं. आभाळातल्या उपग्रहांचा माग घेत ते दोन तास गप उभं राहतं आणि ती जागा किती उंचीवर आहे याचा हिशेब कार्डात साठवतं. कार्डं महाग, म्हणून दोनच होती. रोज संध्याकाळी नीलिमानं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचं, फ्लॉपीवर आणखी एक प्रत काढून कपाटात ठेवायची, मग कार्ड पुसून सकाळी आप्पासाहेबांच्या हातात द्यायचं. आष्ट्याची ही पोरगी सांगलीला कॉम्प्युटर शिकून आलेली. तिच्या हातून आजवर एक फाईल हरवली नव्हती, आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

रेघेच्या खाली येईल त्या घराला सरकार दुसरीकडे जागा देणार होतं. रेघेच्या वर राहील त्याला काही नाही. त्यानं आपलं नशीब आपल्यापाशी ठेवायचं.

नीलिमानं कार्ड उघडलं. "यात एकच फाईल आहे. देवळाच्या चौथऱ्याची."

"तीच. तिची कॉपी काढा आन् नाव द्या बौद्धवस्ती. नकाशावर जागा मी हातानं सरकिवतो. उंची तेवढी तीच ऱ्हाऊ द्या."

"देऊळ टेकाडावर आहे, रेघेच्या वर, आप्पासाहेब. वस्ती ओढ्याकाठी."

"चार-पाच पुरुष उंचीच्या फरकानं काय धरण बुडतंय व्हय?"

धरण कशाला बुडेल! बुडणार होती ती घरं.

"पण तिथं जायला काय झालं होतं?" तिनं विचारलं.

आप्पासाहेबांनी पाय लांब केले. "आवो, तिथं तिपाई लावली की दोन तास बसणं आलं. मग त्या बाया च्या आणत्यात, पानी आणत्यात. घ्यावं तरी पंचाईत, न्हाई घ्यावं तरी पंचाईत. लय आग्रह करत्यात." मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुमचं निराळं बरं का, बाई. तुमी शिकल्यासवरलेल्या. तुमच्याकडं बगून कुणाला वाटतबी न्हाई."

आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता म्हणे. असं सगळ्यांच्याच बाबतीत म्हणतात. गणपतीला वर्गणी देणारा, दिवाळीला ऑफिसात चकल्या आणणारा, कुणाच्या घरी आजारपण असलं तर आधी धावणारा. नीलिमानं डबा पुढं केला की मात्र त्याचं पोट भरलेलं असायचं. वर्षभर, रोज एक वाजता, नेमानं भरलेलं.

नीलिमाला राग नाही आला, किळस आली. राग तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून तो गिळायची तिला सवय होती. हे गिळवेना. घास तोंडात गेल्यावर भाजीत अळी दिसावी, तसं तिला झालं.

देवळाची फाईल तिनं निवडली. खरंच पुसू का, असं मशीननं इंग्रजीत विचारलं, तेव्हा तिनं हो म्हटलं. आपण राखलेल्या कामावर आपल्याच हातानं बोळा फिरवताना तिला जरा कसंसं झालं, पण जराच.

"कार्ड पुसलं," ती म्हणाली. "दोन्ही पॉइंट परत घ्यायला लागतील."

आप्पासाहेब ताडकन उठले. "बाई! मालकास्नी सांगीन मी!"

"सांगा. का पुसलं, ते मी सांगते."

आप्पासाहेब परत खुर्चीत बसले. मालकांना जातीपातीचं काही पडलेलं नव्हतं, पण खोटी उंची पकडली गेली असती तर कंत्राट गेलं असतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. शेवटी ते खेकसले, "मग तुमच्या माणसांत तुमीच बसा जावा!"

"बसते की."

दुसऱ्या दिवशी चांदसाहेब ड्रायव्हरनं जीप काढली. आप्पासाहेब देवळापाशी उतरले, चपला काढून पाया पडले आणि सावलीला टेकले. नीलिमा आणि चांदसाहेब यंत्र घेऊन ओढा ओलांडून गेले. वस्तीत बाभळींची दाटी. मोकळं आभाळ होतं ते तानुबाई नावाच्या म्हातारीच्या अंगणावर. तिथं तिपाई लावली.

"कसला म्हनायचा ह्यो कॅमेरा?" म्हातारीनं दारातूनच आवाज टाकला.

"जयभीम, आजी," नीलिमा म्हणाली. "पाणी कुठवर येणार ते मोजतोय."

म्हातारीचा चेहराच बदलला. "जयभीम, जयभीम! आगं, मग उनात का हुबी?" घोंगडं आलं, पाण्याचा तांब्या आला, चहा आला. चांदसाहेबांनी बशी तोंडाला लावली.

"त्यो तुमचा सायेब यील का च्या घ्यायला?"

"त्यांचं पोट भरलंय."

"मागल्या बाजारादिवशी बी आलता. वड्याच्या पल्याडनंच बगून गेला." तानुबाई हसली, पण तिचं ध्यान यंत्राकडे होतं. "खरं सांग पोरी, आमाला जागा गावंल का? गाव समदं उठून गेल्यावर हितं एकलं बसून काय करायचं?"

"गावंल, आजी. आता मोजलंय."

आणि तसंच झालं. परतताना देवळाचीही उंची पुन्हा घेतली, वस्तीची तिच्यापेक्षा कितीतरी खाली निघाली. वस्तीतली सगळी घरं रेघेखाली आली. नीलिमानं त्या कार्डाची एक प्रत कॉम्प्युटरवर ठेवली, एक कपाटात, आणि एक स्वतःच्या पर्समध्ये. यादीत वस्तीची नावं लागली, त्या दिवशी तिनं ऑफिसात कंदी पेढे वाटले. आप्पासाहेबांनी पेढा कागदात गुंडाळून घेतला.

दिवाळीनंतर तेच आप्पासाहेब एक फ्लॉपी घेऊन आले. स्वारी खुशीत होती. "नव्या गावठाणाचा नकाशा, बाई. दोन कॉपी काढा. उद्या गावात संमतीचे अंगठे घ्यायचेत."

नवी जागा लोणंदच्या बाजूला होती, सपाट माळ, परातीसारखा. नीलिमानं नकाशा उघडला. मधोमध देऊळ. त्याच्या उजवीकडे पाटलांची आळी, डावीकडे बाकीच्या आळ्या, अगदी खडकदऱ्यात होतं तसं. माळावर ओढा नव्हता. म्हणून गावाच्या सांडपाण्याचा एक नाला आखला होता, आणि वस्तीचे प्लॉट त्या नाल्याच्या पलीकडे टाकले होते.

"जुनं गाव हाय तसं उचलून ठिवलंय बगा," आप्पासाहेब तिच्या खांद्यावरून वाकून कौतुकानं म्हणाले. "गावाची मागणीच तशी हुती. कुणाची कुरकुर नको."

हे पुसता येणारं नव्हतं. वरच्या सरकारी ऑफिसात त्यावर सही-शिक्का झाला होता. नीलिमा उठली, मोरीत गेली आणि तिला भडभडून ओकारी झाली. चूळ भरून ती बाहेर आली, पर्स उचलली आणि फ्लॉपी मशीनमध्ये तशीच ठेवून स्टँडवर गेली. उंब्रजपर्यंत एसटी आणि पुढं मिळेल त्या टेम्पोनं ती ऊन कलायच्या आत वस्तीत पोचली.

"उद्या अंगठा देऊ नका, आजी," धाप टाकतच ती म्हणाली, आणि तिनं नाल्याचं सगळं सांगितलं.

तानुबाईनं निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवलं. "समद्या गावाची घाण? आमच्या दारावरनं?"

"व्हय."

"आन् अंगठा न्हाई दिला तर?"

खोटं बोलावं असं नीलिमाला फार वाटलं. "मग नवी जागा मिळेलच असं नाही. आणि धरण भरलं की पाणी इथं दारात येईल."

म्हातारी ओढ्याकडे बघत राहिली. मग तिनं अंगठा पदराला पुसला, अजून शाई लागलेली नसताना.

"यिऊ दे," ती म्हणाली. "पानी तरी शिवंल की गं आमाला."