पळसापुढची चाळीस पावलं

आबा गेले ते भर दुपारी, हजारभर माणसांसमोर, जिंकायला चाळीस पावलं उरली असताना.

त्या वर्षी अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाळापूरजवळच्या आमच्या गावच्या भगवंतराव पाटलांनी, अमरावतीला कापूस विकला आणि येताना पांढऱ्या खोंडांची जोडी आणली. ती शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, पळवायची होती. जोडी तयार केली सहदेवनं. छकडी हाकणारा असा धुरकरी अकोल्यापर्यंत नाही, असं आबाच सांगायचे. पण सहदेव महार. पट संपायचा महादेवाच्या देवळासमोर, आणि तिथवर त्यानं जायचं नाही असा गावाचा रिवाज. म्हणून सराव करताना तो चाळीस पावलं अलीकडं, पळसाखाली छकडी थांबवून उतरायचा. पुढं माझा धाकटा भाऊ जानराव बैलांना धरून सावकाश देवळापर्यंत न्यायचा आणि पाणी पाजायचा. वर्षभर रोज हेच. पटाच्या दिवशी धुरेवर आबाच बसणार होते.

पटाला पंधरा दिवस असताना सहदेव तापानं गेला.

पट बघायला अकोल्याहून कापसाचा गोरा व्यापारी आला. त्याची खुर्ची देवळाच्या पारावर मांडली होती. पारावर त्याच्या पायांतल्या बुटांबद्दल कुणी काही बोललं नाही. आबांची जोडी सगळ्यांच्या पुढं होती. पळसाखाली ती थांबली. ठेचकाळली नाही, बिथरली नाही, थांबली. आबा जुवावरून पुढं फेकले गेले ते उठलेच नाहीत. बैल शांत उभे राहिले, माणसाला उतरायला लागतो तेवढा वेळ. मग आबांच्या अंगाला पाय न लावता देवळाकडं चालू लागले.

तेराव्यानंतर जानरावनं भगत आणला. भगत म्हणाला, सहदेवनं बैल धरलेत. त्याला मातीतून उकरून हातापायांत खिळे मारावे लागतील.

सहदेवची बायको मैनाबाई आमच्या अंगणाबाहेर येऊन उभी राहिली.

"पाटील, जित्तेपनी त्यायले पळसाच्या पुढं जाऊ देल्लं नाही. आता मातीतूनबी काढता?"

"माहा बाप खाल्ला त्यानं," जानराव म्हणाला.

"ते कोनाचं कायले खातीन? तुमच्या घरची भाकरबी वरून टाकलेली घेत होते."

ती गेल्यावर मी जानरावला म्हटलं, "जानू, पळसाच्या पुढं ती जोडी कधी पळालीच नाही. तिथं थांबायले आपनच शिकवलं तिले."

"मंग जाऊन पाहून ये ना, अक्का. पोथ्या वाचून सांगून राहिली मले."

मी गेले. पोथ्यांतली भुतं रात्री येतात. ही दुपार होती. वेचून झालेल्या रानात वाराही नव्हता. छकडीत मी एकटी, कासरा सैल सोडून मागच्या बाजूला. बैल पळसाखाली थांबले. मी हललेही नव्हते, तरी छकडीचं पुढचं अंग अलगद वर आलं, धुरेवरून माणूस उतरल्यावर येतं तसं. डाव्या बैलानं मान वळवली. तिथं कुणी नव्हतं. त्याच्या मानेवरचे केस मात्र दबत गेले, कुणी हात फिरवावा तसे.

मी भ्याले. पण भीतीच्या आत दुसरंच काही होतं. मरूनही त्याला तिथं उतरावं लागत होतं.

तशीच मी मैनाबाईच्या दारी गेले. म्हटलं, "उद्या ते कुदळी घेऊन येतीन. त्याच्या आधी तू बैल ने पुढं. देवळापरेंत."

ती हसली. "माहे धनी मेल्यावर वाट मोकळी झाली काय, माय?"

"नाही झाली."

"अन् मले मारलं तं?"

"मी राहीन ना संगं."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "तुमी संगं राहून काय होते, ते पाहू."

दुसऱ्या दिवशी भगत, जानराव आणि गावची माणसं कुदळी-खिळे घेऊन निघायला पळसाशी जमली. मैनाबाई रिकाम्या छकडीच्या पुढं कासरा धरून आली. मी तिच्या बाजूनं चालत होते.

"ए, कुठं चालली?" कुणीतरी दरडावलं. पण पुढं कुणी झालं नाही. रिवाज मोडण्यापेक्षा त्यांना सहदेवची भीती जास्त होती.

पळसाखाली बैल थांबले. छकडीचं पुढचं अंग जरा वर आलं. मैनाबाईनं मागं वळून पाहिलं नाही.

"अवो, उतरू नका," ती हळूच म्हणाली. "चला."

छकडी पुन्हा खाली दबली. आणखी एकदा, आणखी खोल दबली. बैल चालू लागले. काळ्या मातीत चाकं बोटभर रुतत गेली, थेट देवळापर्यंत.

जानराव वाकून चाकोरीत बोट घालून बघत होता. "हे एका मानसाचं वजन नाही, अक्का," तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी आबांना हाक मारताना व्हायचा तसा झाला होता. मग त्यानं भगताला खिळे उचलून परत जायला सांगितलं.

मैनाबाईनं बैलांना पाणी पाजलं. मी कासरा घ्यायला हात पुढं केला. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, कासरा जमिनीवर ठेवला आणि मी तो उचलेपर्यंत दोन पावलं मागं सरून उभी राहिली.