हळदीचा मेल

अंजूरच्या गोदामात क्षितिजा सायबर सुरक्षेचं काम शिकायला लागली, तेव्हा आईला वाटलं, पोरगी वॉचमनच्या खात्यात गेली. ऑफिसातही तिचं काम कुणाला कळत नव्हतं, म्हणून कुणी फारसं बोलत नव्हतं. फक्त डिस्पॅचची दिपाली दुपारी डबा घेऊन समोर बसायची आणि न विचारता आपलं सुकट तिच्या भाकरीवर वाढायची. तेवढीच काय ती माणसाची सोबत.

तीन महिन्यांनी सागर साहेब म्हणाले, "सगळ्यांना एक खोटा मेल पाठव. फसतील त्यांची नावानिशी यादी दे. काम चोख झालं, तर कायम करतो."

बाहेरच्या पोरीने लॉटरीबिटरी लिहिली असती. क्षितिजा गावचीच. इथला माणूस एक वेळ लग्न चुकवेल, हळद चुकवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तिने लिहिलं, 'आपल्या सहकाऱ्याच्या घरी हळद आहे. पत्त्यासाठी ऑफिसचा पासवर्ड टाका.' आता हळदीच्या पत्त्याला पासवर्ड कशाला, असं एकानेही विचारलं नाही. बासष्टपैकी एक्केचाळीस जण फसले. पहिलं नाव दिपालीचं.

ते नाव तिने दोनदा पुसलं, दोनदा लिहिलं. यादीच खोटी दिली तर आपण कसली सुरक्षा करणार, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तिला नोकरी हवी होती.

साहेबांनी तिच्या हातात कायम केल्याचं पत्र दिलं आणि यादी सरळ फळ्यावर लावली. दुपारी ती दिपालीसमोर बसली आणि डबा न उघडताच म्हणाली,

"साहेब यादी लावतील असं मला माहीत नव्हतं गं. पण तू तरी दोन मिनिटांत पासवर्ड कसा टाकलास?"

दिपालीने डबा बंद केला. "त्यात नाव न्हवतं ना. मना वाटलं, तुझ्याच घरची हळद हाय. या हापिसात तुझं दुसरं कोन हाय? म्हटलं, आपन तरी जायला पायजे."

ती उठून दुसऱ्या टेबलावर गेली. ह्यालाच केसाने गळा कापणं म्हणतात, आणि ते क्षितिजाला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून ऑफिसात तिचा मेल कुणी उघडत नाही. दिपालीला लिहिलेला माफीचा मेलही तसाच न उघडलेला पडून आहे. सागर साहेब मात्र खूश आहेत. म्हणतात, एका फटक्यात सगळे शिकले.