थंड निघा

मार्लिसने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि समोरच्या गड्याच्या कॉलरीत हात घातला. मान कोमट लागली. कपड्यांचा एक थर उतरव, तिने सांगितलं. तो कुरकुरला, पण उतरवून गेला. कॅनडातल्या विनिपेगच्या गोठलेल्या नदीवरून साठ किलोमीटर सायकल हाणायची होती आणि पारा उणे सत्तावीस. तरीही निघताना जो उबेत असतो तो वाटेत घामाने भिजतो आणि थांबला की गोठतो, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून निघण्याच्या रेषेवर प्रत्येकाची मान तपासायची. थंड निघा, म्हणतात. मार्लिसच्या तळहातावर सगळ्यांचा भरवसा होता.

पुढे ओरेस्ट आला.

दोन वर्षांपूर्वी याच शर्यतीत तिचा नवरा कॉर्नी गुडघा दुखावून बर्फावर पडला होता आणि हा मेला शेजारून सायकल दामटत निघून गेला. दिसलाच नाही, असं सगळ्यांना शपथेवर सांगत फिरला. भर दुपारी, सपाट नदीवर, लाल कोटातला माणूस दिसला नाही म्हणे! कॉर्नीच्या पायाची तीन बोटं कापावी लागली. तेव्हापासून मार्लिस ओरेस्टशी एक शब्द बोलली नव्हती. त्याचं वाटोळं व्हावं, एवढंच मनात होतं.

शेजारची रांग आखूड असूनही तो तिच्याकडे आला होता. तिने हात आत घातला. मान गरम, चक्क ओली. लोकरीवर लोकर, तिच्यावर स्वेटर, वर पिसांचा जाड कोट. दहाव्या किलोमीटरला हा चिंब होणार, विसाव्याला चाक पंक्चर होऊन थांबला की संपला. तिने सावकाश हात बाहेर काढला. भोग म्हणावं आता.

"ठीक आहे. जा."

तो हलला नाही.

"एक उतरव म्हणशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "वरचा कोट माझ्यासाठी नाही गं. यंदा मी सगळ्यांच्या मागे राहणार आहे. कुणी पडलेलं दिसलं तर त्याच्या अंगावर घालायला घेतलाय." मग खाली बघत म्हणाला, "कॉर्नी मला दिसला होता, मार्लिस."

हे वाक्य ऐकायला ती दोन वर्षं टपून बसली होती. ऐकल्यावर काय काय बोलायचं तेही तोंडपाठ होतं. हात मात्र त्याच्या कोटाच्या चेनकडे गेला आणि तिने ती खसकन खाली ओढली.

"तुझ्या घामाने भिजलेला कोट पडलेल्याच्या काय कामाचा? अक्कल गहाण टाकलीस का? काढ तो, पिशवीत बांध. आतला स्वेटरही काढ."

त्याने दोन्ही काढले आणि वाऱ्यात कुडकुडत उभा राहिला.

"मार्लिस, मला माफ..."

"मागे रांग आहे," ती म्हणाली.