तुटक्या दाताची खूण

मित्रांनो, मला दात दोनच, आणि त्यातल्या एकाचा तुकडा उडालेला. मी कपडे वाळत घालायचा एक जुना लाकडी चिमटा आहे. संशय घेणं हा आम्हा चिमट्यांचा स्वभावच. तोंडात दिलेली प्रत्येक गोष्ट वाऱ्याबरोबर पळून जाणार, असं आम्हाला सतत वाटतं.

लाकडाच्या दोन पट्ट्या आणि मधे तारेची स्प्रिंग, एवढाच माझा देह. भावंडांसोबत मी या घरात आलो. इथे एक तरुण आई राहते. ती दुधाचा दोनदा वास घेते, दाराला कडी लावली तरी पुन्हा ओढून बघते. समोरच्या इमारतीत तिची कॉलेजातली मैत्रीण राहते. ती शिवणकाम करते आणि हिला 'काळजीवाहू' म्हणते. दोघींच्या गॅलऱ्यांच्या मधे अरुंद गल्ली आहे, आणि गल्लीवरून दोन्हीकडच्या कप्पीच्या चाकांवर फिरणारी एक दोरी.

चांगली धुणी मी दातांत धरत होतो. पण एकदा बाळाने मला तोंडात घातलं आणि माझ्या दाताचा कपचा उडाला. आईने बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं, अख्खी खोली पालथी घातली. कपचा सापडल्यावर तो माझ्या दाताला लावून नीट जुळतो का ते बघितलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मी मात्र बोचरा झालो. कपड्यांचे धागे निघायला लागले आणि मी खिडकीत धूळ खात पडलो.

मग मला नवं काम मिळालं. दोघी मैत्रिणी पूर्वी गोष्टी लिहायच्या. संसारात ते मागे पडलं होतं. एके दिवशी त्यांनी ठरवलं, रोज एक पान लिहायचं, घडी घालून दोरीवरून समोर पाठवायचं. समोरचीने ते उघडायचं नाही. मागे उमटलेली शाई दिसली, म्हणजे लिहिलंय एवढी खात्री झाली, की पान परत. कुणी वाचणार आहे म्हटलं की हात अडतो, असं शिवणवालीचं म्हणणं होतं. पान धरायला मी. रोज दोन्हीकडून माझी वाट बघितली जायची. असा मान मला कधीच मिळाला नव्हता.

पण एका सकाळी शिवणवालीने तिचं त्या दिवशीचं पान माझ्या तोंडात दिलं आणि मला खटकलं. कोऱ्या कोपऱ्यावर माझी खूण आधीच होती. मधे तुटलेली रेघ, म्हणजे माझाच दात. दुसऱ्या दिवशी तेच. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मी नुसता लोंबकळत राहिलो.

तिसऱ्या दिवशी आईने कोपरा उजेडात धरला. तिथे माझ्या एका खुणेऐवजी कितीतरी खुणा होत्या. मग ती समोरच्या खिडकीकडे बघत राहिली. "तिला माझं लिहिणं कंटाळवाणं वाटतं का, गुपचूप वाचून हसते का, की मैत्रीच नकोशी झालीय?" असं काय काय ती नवऱ्याला विचारत होती. तो म्हणाला, "अगं, तू तर दुधावरही विश्वास ठेवत नाहीस."

शेवटी ती गॅलरीत आली आणि शिवणवालीला हाक मारली. मी दोघींच्या मधोमध होतो.

"हे पान जुनंच आहे ना?"

"आता कागदाचाही वास घेतेस का, काळजीवाहू?"

आई हसली नाही. "बाळाने चावलेला चिमटा आहे हा. ही खूण मी झोपेतसुद्धा ओळखेन."

समोरचा चेहरा उतरला. शाळेच्या गणवेशांचे ढीग पडलेत, डोकं रिकामं झालंय, असं ती पुटपुटली. मग म्हणाली, "माझं पान आलं नाही तर तूही थांबशील, याची भीती वाटली गं. आणि तू थांबलीस, की माझं कायमचंच राहिलं."

आईला रागवायचं होतं. तिने दोरी घट्ट धरली होती.

"मग आज हेच लिही," ती म्हणाली. "मला कसं फसवलंस ते. आणि हे मी वाचणार."

"शिव्या घालशील."

"घालीन. पण पान पाहिजे."

दुपारी कप्पी कुरकुरली. पान अर्धंच भरलं होतं, त्याला निळ्या दोऱ्याचं टोक चिकटलं होतं. पण कोपरा गुळगुळीत होता. मी मनापासून चावलो. आईने आधी चारही कोपरे तपासले, मगच घडी उघडली. वाचता वाचता ती इतकी हसली की बाळ जागं झालं. त्याला मांडीवर घेऊनच ती स्वतःचं पान लिहायला बसली.

आजही ती प्रत्येक पानाचा कोपरा आधी बघते. शिवणवाली चिडत नाही, कोपरा मुद्दाम वर करून पाठवते.

मित्रांनो, तुमचंही असं पान उलटसुलट करून बघणारं कुणी असेल, तर त्याला जपा. आणि जमलं तर मलाही. माझी स्प्रिंग गंजली आहे, घरात नव्या चिमट्यांचं पाकीट आलं आहे. त्यांचे दात अगदी सारखे आहेत. त्यांच्या खुणा कोण ओळखणार?